परसातली कोंबडी : अंड्यालाही आणि रश्श्यालाही

— एक ऊस उत्पादक सभासद



उसाची लावण, खोडवा व्यवस्थापन, ठिबक, हुमणी या विषयांवर आपल्या अंकात शेतकी खात्यातील जाणती मंडळी नेहमी लिहितात. मी आज कोंबडीवर लिहिणार आहे. हसू नका. परसात दहा-बारा कोंबड्या नाहीत अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रात थोडीच सापडतील. पण त्या कोंबड्यांकडे धंदा म्हणून तर सोडाच, साधे लक्ष म्हणून तरी किती घरांत बघतात? संध्याकाळी मोजून डालग्याखाली घातल्या की आपले काम संपले, अशी आपली समजूत. माझीही तीच होती. ती समजूत कशी मोडली आणि त्यात माझ्या हातून काय चूक झाली, तेही पुढे सांगणार आहे.

ऊस आणि कोंबडी

ऊस हे मोठ्या पैशाचे पीक खरे, पण तो पैसा एकदाच येतो. आडसाली लावण केली तर सोळा ते अठरा महिने थांबावे लागते. बिल निघाले की आधी सोसायटीचे कर्ज वळते होते, मग खत दुकानदार, मग ट्रॅक्टरवाला. हातात उरते त्यावर लग्नकार्य, दवाखाना, घराची डागडुजी. मधल्या महिन्यांत मीठ-मिरची, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास हे कशातून भागवायचे? ज्यांच्याकडे जनावर आहे त्यांचे दुधावर भागते. पण दुधाचे पैसेही बहुतेक घरांत पुरुषाच्या नावाने निघतात. अंड्याचे पैसे मात्र बाईच्या हातात पडतात.

माझी आई उतरंडीच्या सगळ्यांत खालच्या मडक्यात अंड्याचे पैसे ठेवायची. दहावीच्या परीक्षेची फी भरायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, “बिल आल्याशिवाय कुठनं आणू?” आईने उतरंड उतरवली. माझी फी त्या मडक्यातून गेली. कोंबडी ही गरीबाची बँक असे भाषणात सांगतात. मी म्हणतो, ती घरच्या बाईची बँक आहे. तिचे पासबुक कुणी मागत नाही.

तेव्हा दहा-वीस कोंबड्यांनी माणूस श्रीमंत होईल असे मी सांगत नाही. उसाच्या दोन बिलांच्या मधे घर ओढून नेण्याचे काम त्या करतात, एवढेच सांगतो. आणि घरातल्या पोरांच्या ताटात अंडे पडते, हा नफा कुठल्या वहीत लिहायचा?

दुकाजी कोंबडी म्हणजे काय?

मोठ्या शेडमधील धंद्यात दोन वाटा वेगळ्या झाल्या आहेत. अंड्याची पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण अंगाने हलकी असते. मांसाचा पक्षी, ज्याला आपण बॉयलर म्हणतो, तो पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो. त्याचे आयुष्य तेवढेच. या दोन्ही जातींना तयार खाद्य, शेड, औषध सगळे वेळेवर लागते. परसात सोडल्या तर त्यांचा निभाव लागत नाही.

आपल्या परसाला हवी ती दोन्ही कामाची कोंबडी. तिचे गणित साधे आहे. दहा पिल्ले निघाली तर ढोबळ मानाने पाच माद्या आणि पाच नर. अंड्याच्या कारखानदारीत नर पिल्लू पहिल्याच दिवशी निकामी ठरते. आपल्या परसात तसे नाही. नर वाढवायचा आणि यात्रेला, पाहुण्याला, बाजाराला काढायचा; मादी अंड्याला ठेवायची; आणि दोन वर्षे अंडी देऊन ती थकली की तीही रश्श्याला. काही वाया जात नाही. आपल्या आज्या हेच करत होत्या, फक्त त्याला नाव नव्हते.

गावठी की सुधारित?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. पंधरा-वीस अंडी झाली की खुडूक होते आणि बसते. नराला किलो-सव्वा किलो भरायला पाच-सहा महिने लागतात. पण तिचे गुण मोठे आहेत. घार दिसली की पिल्ले पंखाखाली घेते, झाडावर चढते, उकिरड्यावर पोट भरते, आणि पिल्ले स्वतः उबवते. तिच्या अंड्याला व मांसाला गिऱ्हाईक घरी येते, तेही चढ्या दराने.

सुधारित जातींत हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज ही खास परसासाठी, अंडी व मांस दोन्हींसाठी तयार केलेली आहे. परसात ती वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी देते असे तज्ज्ञ सांगतात. त्याच संस्थेची ग्रामप्रिया अंड्याला जास्त चांगली, अंगाने जरा हलकी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली गिरिराज अंगाने भरदार. या जाती रंगीत असल्याने गावठीसारख्या दिसतात, अंडीही तपकिरी देतात, म्हणून बाजारात त्यांना दर बरा मिळतो. मात्र ‘गावठी’ म्हणून विकू नये. गिऱ्हाईक एकदाच फसते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे उबवणीला बसत नाहीत. म्हणून दोन-तीन गावठी कोंबड्या घरात असाव्यातच. सुधारित कोंबडीची अंडी त्यांच्याखाली ठेवावीत. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. अंडी आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांचीच घ्यावीत. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे धरून बघावे. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर ठेवावे, स्वच्छ दिसले तर ते वांझ, काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. दुसरी : या जाती संकरित असल्याने त्यांच्या पिल्लांत आईबापाचे सगळे गुण पुरते उतरत नाहीत. दोन-तीन वर्षांनी नवी पिल्ले आणावी लागतात. शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे कोल्हापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे आहेत. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात आधी चौकशी करावी.

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो.

मानमोडीने दिलेला धडा

सन २०१६ चा गळीत हंगाम. घरात २४ कोंबड्या होत्या. त्यांत पाच महिन्यांच्या सुधारित १२ तलंगा. महिनाभरात अंड्यावर येणार होत्या. आमच्या घरात त्या अंड्यांच्या भरवशावर धाकट्या मुलीच्या क्लासचा विचार चालला होता. मंगळवारच्या बाजारात मला दोन तांबड्या तलंगा स्वस्तात दिसल्या. घेतल्या आणि संध्याकाळी सरळ खुराड्यात सोडल्या. एकूण झाल्या २६.

आई असती तर तिने तसे करू दिले नसते. ती नवी कोंबडी आणली की पाय बांधून गोठ्यामागे वेगळ्या डालग्याखाली पंधरा दिवस ठेवायची. “तिला घर कळू दे,” म्हणायची. कोंबडी पळून जाऊ नये म्हणून ती असे करते, अशी माझी समजूत.

रविवारी त्या दोघींतली एक पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहिली. सोमवारी सकाळी मेली. म्हटले, प्रवासाने दगावली असेल. बुधवारी घरच्या चार कोंबड्या हिरवट पातळ हगायला लागल्या, तोंड वासून श्वास घेऊ लागल्या. गुरुवारी एका तलंगेची मान पिळल्यासारखी पाठीवर वळली. गावात ज्याने कोंबड्या पाळल्या त्याला ही खूण सांगायला नको. मानमोडी.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या फडात तोडणी चालू होती. टोळी बीडकडची. बांधापलीकडे त्यांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यांतल्या एका बाईने गावाकडून बैलगाडीत डालगे बांधून सात कोंबड्या आणल्या होत्या. दिवसा त्या आमच्या उकिरड्यावर यायच्या. मला दुसरे कारण शोधायची गरजच वाटली नाही. गुरुवारी संध्याकाळी मी कोपीवर गेलो आणि चार माणसांत त्या बाईला नाही नाही ते बोललो. “गावोगावचा रोग घेऊन फिरता आणि आमची घरं बुडवता,” असे माझे शब्द होते. मुकादम मधे पडला. बाई भाकरी थापत होती. ती एवढेच म्हणाली, “मालक, माह्या कोंबड्या तर चरायल्यात की. रोग माह्या घरून आला असता तर आधी माह्याच मेल्या असत्या ना?”

मी ऐकून घेतले नाही.

शनिवारपर्यंत २६ पैकी ३ उरल्या. दवाखान्यातून पशुधन पर्यवेक्षक आले. त्यांनी मेलेले पक्षी बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, “नवीन पक्षी कधी आणला?” मी मंगळवारचा बाजार सांगितला. ते म्हणाले, “या रोगाची लागण झाल्यापासून खुणा दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे लागतात, बहुधा पाच-सहा दिवस. हिशेब तुम्हीच करा.” मंगळवार ते रविवार. हिशेब झाला.

आईचे पंधरा दिवस कशासाठी होते तेही त्या दिवशी कळले.

पुढची गोष्ट सांगायला जड जाते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत त्या बाईच्याही कोंबड्या मरायला लागल्या. सातातली एक राहिली. रोग तिच्याकडून माझ्याकडे आला नव्हता, माझ्याकडून तिच्याकडे गेला होता. माझ्या घरात उसाचे बिल येणार होते. तिचे तेल-मीठ त्या सात कोंबड्यांवर चालले होते. मी बोलायला गेलो तेव्हा चार माणसे होती; चूक कबूल करायला मात्र मी गेलोच नाही. दोन तलंगा तिला नेऊन द्यायच्या असे घरात ठरले होते. तोवर फड संपला, टोळी दुसऱ्या गटात गेली, आणि पुढच्या हंगामात आलीच नाही. द्यायचे राहिले ते राहिलेच.

शंभराची कुपी

मानमोडीला राणीखेत असेही म्हणतात. कुमाऊँतील रानीखेत गावावरून ते नाव पडले. या रोगावर औषध नाही. झाल्यावर कुणी गोळी-पुडी देत असेल तर पैसे घालवू नका. लस मात्र आहे, ती स्वस्त आहे, आणि वेळेवर दिली तर खात्रीची आहे. मग आपण देत का नाही?

त्याचे कारण मला नंतर कळले. मोठ्या कोंबड्यांना देण्याची लस बहुधा शंभर पक्ष्यांच्या कुपीत येते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली ठेवून चालत नाही. दहा कोंबड्यांसाठी शंभराची कुपी कोण फोडणार? म्हणून दवाखान्यात गेलो की “पक्षी जास्त जमवा, मग या” असे ऐकून आपण परत येतो.

बंधूंनो, हे ऐकल्यावर मला आपला कारखाना आठवला. एकट्याच्या उसासाठी गाळप होत नाही म्हणून तर आपण एकत्र आलो. मग शंभर कोंबड्यांसाठी एकत्र यायला काय हरकत?

डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या वस्तीवरच्या नऊ घरांनी एक दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी कुणी कोंबड्या सोडायच्या नाहीत, सकाळी उजाडायच्या आत सगळ्यांनी डालग्यांसह आमच्या अंगणात यायचे. मोजल्या तर ८७ भरल्या. पर्यवेक्षकांनी तास-दीड तासात सगळ्यांना टोचले. १३ मात्रा उरल्या. त्या वर्षीची टोळी ओढ्याकडेला उतरली होती. त्यांच्याकडे ११ कोंबड्या निघाल्या. त्याही टोचल्या. मन मोठे म्हणून नव्हे. उरलेली लस फेकूनच द्यायची होती, आणि त्यांची कोंबडी वाचली तर आपलीही वाचते हे आता कळले होते. तेव्हापासून जून आणि डिसेंबर असे वर्षातून दोनदा हे काम चालू आहे. मुंगसाने नेल्या, घारीने नेल्या, एकदा कुत्र्याने पाच मारल्या. पण मानमोडी पुन्हा वस्तीत शिरली नाही.

लसीचा क्रम

एक दिवसाची पिल्ले आणल्यास साधारण क्रम असा असतो. आपल्या पशुवैद्यकाला विचारून त्यात फरक करावा.

पहिला दिवस : मरेक्स. ही उबवणी केंद्रातच देतात. दिली का ते विचारून घ्यावे.
पाचवा ते सातवा दिवस : लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.
चौदावा ते सोळावा दिवस : गंबोरो.
अठ्ठाविसावा दिवस : लासोटा पुन्हा.
सहा ते आठ आठवडे : देवीची लस.
आठ ते दहा आठवडे : राणीखेतची मोठी लस (आर-टू-बी), टोचून. पुढे दर सहा महिन्यांनी.

आजारी पक्ष्याला लस देऊ नये. आठवडाभर आधी जंताचे औषध पाजलेले चांगले. लहान पिल्लांना मोठी लस देऊ नये. आणि ज्याला हे सगळे झेपत नाही त्याने एक दिवसाची पिल्ले आणूच नयेत. चार आठवडे वाढवून सुरुवातीच्या लसी झालेली पिल्ले घ्यावीत. थोडी महाग पडतात, पण जगतात.

पिल्लांचे पहिले चार आठवडे

बहुतेक मर या दिवसांत होते, तीही गारठ्याने. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी केली तरी चालते. पत्र्याचे गोल कडे करून मधे बल्ब टांगावा. पिल्लामागे दोन वॅट हा अंदाज. थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कड्याला चिकटून चोची वासत असतील तर उकडते आहे, सगळीकडे पांगून खात असतील तर ठीक आहे. वीज जाते त्या रात्रीसाठी शेगडी तयार ठेवावी, मात्र धूर कोंडू देऊ नये.

खाली भाताचा तूस अंथरतात. आपल्याकडे भुसा (बगॅस) सहज मिळतो, तोही चालतो, पण कडक वाळवलेला. ओलसर भुशाला बुरशी येते आणि त्या बुरशीने पिल्लांच्या छातीचा रोग होतो. उसाच्या पाचटाचेही तसेच. पावसाळ्यात अंथरूण ओले राहिले तर रक्ती हगवण लागते. रोज हात घालून बघावे, मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर बदलावे.

पहिले पाच-सहा आठवडे पिल्लांना तयार खाद्य द्यावे, इथे काटकसर करू नये. एकदा हाड धरले की मग परसात सोडावीत.

खुराडे आणि चारा

बारा कोंबड्यांना रात्री बसायला चार बाय चार फुटांचे खुराडे पुरते. जमिनीपासून दोन फूट वर, खाली हवा खेळती, आत बसायला आडव्या काठ्या, पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक खोके. जाळी बारीक व मजबूत घ्यावी. मुंगूस बोटभर फटीतून वाट काढते. जमिनीवरचे खुराडे असेल तर कडेने दगड गाडावेत. अलीकडे उसात बिबट्याचा वावर वाढला आहे. ज्यांचे घर फडाला लागून आहे त्यांनी खुराडे घराच्या भिंतीला टेकूनच करावे आणि अंधार पडल्यावर एकट्याने बघायला जाऊ नये.

दिवसभर चरून आलेल्या कोंबडीला संध्याकाळी तीस ते पन्नास ग्रॅम दाणा पुरतो. मका, ज्वारी, तांदळाची कणी जे घरचे असेल ते, सोबत थोडी पेंड. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात घालू नये, त्यात विष तयार होते. अंड्यावरच्या कोंबडीला चुना लागतो. शिंपल्याचा चुरा, नाहीतर अंड्याची टरफले भाजून कुटून घालावीत. कच्ची घालू नयेत, अंडी फोडून खायची सवय लागते.

एक इशारा. नांगरटीच्या वेळी कोंबड्या हुमणीच्या अळ्या आवडीने वेचतात. चांगलेच आहे. पण ज्या सरीत दाणेदार औषध टाकले आहे तिकडे कोंबडी सोडू नका. ती त्याला दाणा समजून खाते.

अंडी किती, मांस किती?

आमच्या एका खेपेचा हिशेब देतो. वहीत मुलीने लिहून ठेवला आहे.

पिल्ले आणली २५. तीन गेली, एक गारठ्याने, दोन कावळ्याने. राहिली २२. त्यांत ११ नर, ११ माद्या. एक नर ठेवला, कारण दहा-बारा माद्यांना एक नर पुरतो. बाकी दहांतले सहा विकले, चार घरी खाल्ले. चार-साडेचार महिन्यांत ते दीड ते दोन किलो भरले होते. माद्या सहाव्या महिन्यात अंड्यावर आल्या. पुढच्या वर्षभरात अंडी ९६०, म्हणजे कोंबडीमागे ८७. तज्ज्ञ सांगतात त्यापेक्षा कमी, पण आमच्या गावठीपेक्षा दीडपट. त्यांतली ४०० घरात खाल्ली, ४८० विकली, ८० गावठी कोंबड्यांखाली उबवणीला घातली. सहा नर विकले त्या पैशात पिल्ले, त्यांचे खाद्य व लस यांचा खर्च निघाला. अंडी म्हणजे राहिलेला नफा. दुकाजी कोंबडीचे मर्म एवढेच : नराने खर्च फेडायचा, मादीने घर चालवायचे.

यात वेळ साधणे महत्त्वाचे. फेब्रुवारी-मार्चात पिल्ले आणली तर थंडी ओसरलेली असते, ऊब कमी लागते. नर आखाडात तयार होतात. तेव्हा दर चांगला असतो. श्रावण लागला की गिऱ्हाईक थांबते. तोवर नर निघून गेलेले असावेत, नाहीतर महिनाभर फुकट दाणा खातात. माद्या ऑगस्ट-सप्टेंबरात अंडी सुरू करतात आणि थंडीत, मागणी वाढते तेव्हा, अंडी हाताशी असतात. थंडीत दिवस लहान झाल्याने आणि पिसे झडताना अंडी कमी होतात, तेव्हा घाबरून जाऊ नये.

कापायच्या पक्ष्याला आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवावा, पाणी मात्र द्यावे. आजारी पक्षी कापून खाण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे, “मरायच्या आधी कापला” म्हणतात. ती सोडा. औषध चालू असलेला पक्षीही त्याची मुदत संपेपर्यंत कापू नये. दोन वर्षांची कोंबडी चिवट असते, मंद चुलीवर दोन-अडीच तास शिजू द्यावी. रस्सा बॉयलरला कधी येणार नाही असा येतो.

आणखी एक अनुभव. आमच्या नातवाने एका कोंबड्याचे नाव ठेवले. तो कोंबडा अजून अंगणात फिरतो आहे. म्हणून ज्यांना खायचे त्यांची नावे ठेवू नका.

दोन सावधगिऱ्या

पहिली रोगाची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला आणि तेथील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आढळला. तेव्हा एकाएकी बरेच पक्षी मेले, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर लपवू नका. दवाखान्याला कळवा. मेलेला पक्षी कालव्यात किंवा उसात फेकू नका. हाताला पिशवी बांधून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसाने बर्ड फ्लू होत नाही. अफवेने काय होते ते २०२० साली आपण बघितले. करोनाच्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने रोग होतो अशी आवई उठली आणि शेडवाल्यांनी पक्षी फुकट वाटले.

दुसरी पैशाची. कडकनाथ ही मध्यप्रदेशातील झाबुआकडची जात चांगली आहे, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात याच कडकनाथच्या करारांत किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले ते आपल्याला ठाऊक आहे. ‘पिल्ले आमची, खाद्य आमचे, अंडी आम्हीच घेऊ’ असे कुणी सांगत आले की एकच विचारा : तुम्ही घेतली नाहीत तर हे अंडे मी गावात कोणत्या दराने विकेन? त्या दराने पोट भरत असेल तरच पुढे जा.

शेवटी

मला आपल्या गटप्रमुखांना व सभासदांना एवढीच विनंती करायची आहे. प्रत्येक वस्तीने जून आणि डिसेंबर असे दोन लसीचे दिवस ठरवावेत. घरे मोजून नव्हे, कोंबड्या मोजून शंभराचा आकडा जुळवावा. हे काम महिला बचत गटाकडे दिले तर पुरुषांपेक्षा चोख होईल, कारण कोंबड्या त्यांच्या आहेत. डिसेंबरच्या मोजणीत फडावरच्या कोप्यांतल्या कोंबड्याही धरा. त्या लोकांचा ऊस नाही, शेअर नाही, आपल्या सभासद यादीत नाव नाही. पण त्यांनी तोडल्याशिवाय आपला ऊस गव्हाणीत पडत नाही.

आणि बाजारातून नवी कोंबडी आणलीत तर पंधरा दिवस वेगळी ठेवा. माझ्या आईला कारण सांगता येत नव्हते, पण पंधरा दिवस बरोबर होते.

ज्यांच्या वस्तीवर लसीचा दिवस ठरवायचा आहे त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. आमच्या वस्तीवर कसे केले ते दाखवायला मी येईन. येताना अंडी आणीन. कोंबडा मागू नका, तो नातवाचा आहे.